संतुलित ध्वनियंत्रणा आणि आवाजाची कळ

शिरगावच्या लईराईची जत्रा असो वा पेडणे महालातील दशावतारी नाटक असो, मंडपातला साउंडवाला मायक्रोफोनची केबल दिव्यांच्या वायरींना लगटून निर्धास्तपणे मिक्सरपर्यंत नेतो, तो तिच्या तीन पिनांच्या प्लगाच्या भरवशावर. पहिली पिन जमिनीची. दुसरीवरून संकेत जसाच्या तसा आणि तिसरीवरून तोच उलटा होऊन जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसत असल्याने, पलीकडचे यंत्र दोहोंची वजाबाकी करते तेव्हा गोंगाट लोपतो आणि गाणे उरते. हीच संतुलित जोडणी आता घरगुती डॅक (डिजिटल संकेताचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारे यंत्र) व पॉवर अँपवरही मिळू लागल्यामुळे, मध्ये संकेत वाढवणारा प्रीअँप घ्यावा काय आणि आवाज कमीजास्त करण्याची तजवीज कोणती ठेवावी, हा मामला श्रोत्यापुढे उभा राहतो.

पुष्कळ घरांत प्रीअँपची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. डॅक संतुलित बाजूने साधारणतः ४ व्होल्ट देतो आणि पॉवर अँप पूर्ण जोराने वाजण्यास दीड-दोन व्होल्ट बहुधा पुरतात. सबब संकेत घटवायचाच असतो. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणारे काही मिलिव्होल्ट वाढवणे मात्र अपरिहार्य, आणि ते काम फोनो प्रीअँपचे.

घटवण्याची खरी अडचण अशी की, दोन्ही तारांवरचा संकेत तंतोतंत सारखा घटला नाही तर वजाबाकी अपुरी पडते. स्टीरिओसाठी चार पट्ट्यांचा पॉट, म्हणजे फिरकीने बदलणारा रोधक, लागतो आणि स्वस्त कार्बन पॉटच्या पट्ट्यांत, विशेषतः फिरकीच्या आरंभी, एक-दोन डेसिबलचा फरक सहज पडतो. शिवाय पावसाळ्याच्या दमट हवेत असा पॉट खरखरू लागतो. याहून शहाणपणाची रचना म्हणजे दोन्ही तारांत एक टक्का अचूकतेचे समान रोधक घालून त्यांच्या पुढे, त्या दोन तारांच्या दरम्यान, एकच बदलता रोधक जोडणे: तो थोडा चुकला तरी दोन्ही तारांना सारखाच चुकतो. रिलेने रोधक बदलणारा अटेन्युएटर महाग, पण टिकाऊ. टॅप काढलेला ट्रान्सफॉर्मर त्याहूनही महाग, मात्र दोन यंत्रांच्या जमिनी विलग ठेवण्याचा त्याचा गुण अमोल आहे. डॅकमधील डिजिटल नियंत्रणास एक पैसाही लागत नाही, आणि २४ बिटांतून ४० डेसिबल घटवूनही सतराच्या आसपास बिट शिल्लक राहतात, म्हणजे सीडीच्या सोळाहून अधिक. तथापि डॅकची स्वतःची सूसू त्याने घटत नाही, आणि एखादे वेळी सॉफ्टवेअर बिघडल्यास पूर्ण आवाज स्पीकरवर आदळण्याचा धोका राहतो.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. विजेची घरघर ५० हर्ट्झवर व तिच्या १००, १५० अशा पटींवर उमटते, आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. जितेंद्र अभिषेकींच्या गाण्यामागचा तंबोरा आणि ही घरघर अशा रीतीने एकाच प्रदेशात येतात, आणि तंबोरा मळला की षड्जाची शांतता हरपते.

मात्र मीटरभराच्या केबलीला संतुलित जोडणीचा लाभ मंडपाइतका मोठा नसतो, आणि इन्व्हर्टरमधून थेट यंत्रात शिरलेली घाण तीही निवारू शकत नाही. म्हणून खरेदीपूर्वी घरचे अर्थिंग तपासून घ्यावे, मग डॅकच्या नियंत्रणावर काही दिवस ऐकावे. सूसू जाणवलीच, तर दोन तारांच्या मधल्या रोधकाचा अटेन्युएटर घ्यावा. प्रीअँपचा खर्च त्यानंतरचा.