कर्नलमधली चूक जागेवर पकडायची तर

लिनक्सच्या कर्नलने मोकळी केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली, तरी यंत्र लगेच बंद पडतेच असे नाही. बिघाड कधी कधी बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी उमटतो आणि शोधणारा हैराण होतो. म्हणून चाचणीचा कर्नल बांधताना तपासणीचे पर्याय चालू हवेतच. २०१५ साली ४.० आवृत्तीत आलेला ‘केसॅन’ असा गैरवापर घडताक्षणी, कोणत्या फंक्शनमधून झाला यासकट दाखवतो. त्याने यंत्र मंदावते, सुमारे एक अष्टमांश मेमरी नोंदींतच जाते, हा आक्षेप रास्त आहे. पण हा भार चाचणीच्या यंत्राने सोसायचा, वापरणाऱ्यांनी नव्हे. चालत्या सर्व्हरसाठी २०२१ मधला ‘केफेन्स’ आहे. तो मेमरीच्या मोजक्याच वाटपांवर नमुन्यादाखल पहारा ठेवतो, त्यामुळे वेग जवळपास टिकतो. एका सर्व्हरवर निसटलेली चूक हजारो सर्व्हरांपैकी कुठेतरी सापडण्याची शक्यता मग बरीच वाढते.