वंध्यत्व आणि घरचा न्याय

लग्नास दोन-तीन वर्षें लोटून घरांत पाळणा हालला नाहीं, कीं वडीलधाऱ्या मंडळींची दृष्टि सुनेकडे वळते. नवस तिनें करावे, उपास तिनें धरावे, आणि बोल तिनेंच ऐकावे! संस्कृतांत 'वन्ध्य' हें विशेषण तिन्ही लिंगीं चालतें. मराठींत मात्र माणसांपुरता 'वांझ' हा शब्द आपण स्त्रीच्याच माथीं मारला आहे. शरीरशास्त्र या न्यायास संमति देत नाहीं.

स्त्रीच्या दोन अंडाशयांपैकीं एकांतून साधारणतः दरमहा एक बीज पक्व होऊन सुटतें. तें बीजवाहक नलिकेंत शिरतें, आणि सुमारें एक दिवसच सफल होण्याजोगें राहतें. पुरुषाचे शुक्रजंतु स्त्रीदेहांत पांच दिवसांपर्यंत तग धरूं शकतात. कोट्यवधि निघाले तरी बीजाजवळ पोंचतात ते फार थोडे, व आंत प्रवेश एकासच मिळतो. हें मीलन गर्भाशयांत नव्हे, तर नलिकेंत होतें. नंतर सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भ गर्भाशयाच्या अस्तरांत रुजूं लागतो.

यांतील एकहि दुवा तुटला, तर गर्भ राहत नाहीं. कधीं संप्रेरकांच्या बिघाडामुळें बीज वेळेवर सुटत नाहीं. कधीं नलिका बंद असतात. आपल्या देशांत जननेंद्रियांचा क्षय हें नलिका बंद होण्याचें एक मोठें कारण आहे. पस्तिशीनंतर बीजांची संख्या व गुण वेगानें घटतात. पुरुषाकडे शुक्रजंतु थोडे वा मंद असतात. वृषणाच्या शिरा फुगणें, तरुणपणीं झालेलीं गालगुंडें, धूम्रपान हीं त्याचीं कांहीं कारणें. अशा जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील दोष सर्वस्वीं वा अंशतः कारण असतो.

माझ्या थोरल्या वहिनींस अकरा वर्षें मूल नव्हतें. ओटीभरणाच्या वेळीं त्यांस मागें बसवीत. आम्हीं कोणी हूं कीं चूं केलें नाहीं. पुढें दादांची तपासणी झाली, आणि दोष त्यांच्याकडे निघाला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मात्र त्यानंतर कोणाच्या ओटीभरणास त्या गेल्या नाहींत. त्या मौनाचें उत्तर मला अजून देतां आलेलें नाहीं.

म्हणून वडीलधाऱ्यांस विनंति अशी, कीं एक वर्षाच्या सहवासानंतर, आणि पत्नी पस्तिशीपुढील असल्यास सहा महिन्यांनींच, दोघांनींहि मिळून वैद्यांकडे जावें. पुरुषाच्या वीर्याची परीक्षा सोपी असते. ती आरंभींच व्हावी. नलिका बंद असल्या तरी आज मार्ग खुंटत नाहीं: शरीराबाहेर बीज फलित करून झालेलें बालक 1978 सालीं इंग्लंडांत जन्मलें, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं 6 ऑगस्ट 1986 रोजीं असेंच बालक जन्मास आलें. उपाय कधीं फळतो, कधीं नाहीं. परंतु निदानापूर्वीं निवाडा करूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.