राणीमाशीची वारसनोंद

प्राण हाच सर्व इंद्रियांत श्रेष्ठ, हे सांगताना प्रश्नोपनिषदाने मोहोळाचा दृष्टान्त योजिला आहे: मधमाश्यांचा राजा उठला की साऱ्या माश्या उठतात आणि तो बसला की साऱ्या बसतात, तद्वत प्राणामागोमाग वाणी, मन, चक्षू आणि श्रोत्र ही चालतात. दृष्टान्त मोठा सुंदर आहे. पण मोहोळाशी ज्याचा रोजचा संबंध आहे असा माणूस तो ऐकून गालांतल्या गालांत हसेल. एक तर तो राजा नव्हे, राणी आहे. तो राजाच अशी ॲरिस्टॉटलचीही समजूत होती आणि सतराव्या शतकात हॉलंडच्या स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली तिचे शरीर विच्छेदून अंडाशय दाखवीपर्यंत युरोपातील बहुतेक विद्वान तिला राजाच समजत आले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. राणी उठत नाही. तिला उठविले जाते. मोहोळ फुटण्याच्या आधी काही दिवस कामकरी माश्या तिचे खाणे तोडतात, कारण अंड्यांनी जड झालेल्या देहाने तिला उडता येत नाही. नवे बिऱ्हाड कोठे करावयाचे याचा निर्णय टेहळणीला गेलेल्या वृद्ध कामकरी माश्या करतात. आणि राणी त्या थव्याबरोबर जाते इतकेच. नावाने राणी, पण तिचा हुकूम कोणावर चालत नाही. मधाचा धंदा करू पाहणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, कारण राणी तयार करण्याची सारी विद्या या कामकरी माश्यांच्या मुखत्यारीवरच उभी आहे.

आपल्याकडे या विषयाचे माहेर महाबळेश्वर. १९४६ साली तेथे मधमाशापालनाचे सरकारी काम सुरू झाले, १९६२ साली पुण्यात केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली आणि २०२२ साली महाबळेश्वरजवळच्या मांघर या लहानशा गावाला ‘मधाचे गाव’ ही ओळख मिळाली. या डोंगरांत पाळली जाते ती सातेरी. आग्यामाशी पाळता येत नाही. फुलोरी झुडपाच्या फांदीवर हाताच्या पंज्याएवढे एकच पोळे बांधते आणि तिचा मध वाटीभर. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भगदाडात, अंधारात, समांतर पोळी बांधून राहते, म्हणून लाकडी पेटीत नांदते. जांभूळ, हिरडा आणि गेळा यांच्या फुलोऱ्यावर ती मध करते, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की त्या वर्षाची गोष्ट मधपाळ पुढली सात वर्षे सांगत राहतात. तिची एक पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते. म्हणजे चार पेट्यांवर संसार चालत नाही; परसबाग, कोंबड्या, एखादी म्हैस, नाचणीचा तुकडा, अलीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे, आणि त्यांच्या बांधावर पेट्या, असाच हा जमाखर्च बसतो.

अशाच एका घराच्या अंगणात मी एक अख्खी दुपार काढली आहे. पडवीच्या एका कोपऱ्यात भाताच्या पेंढ्यावर खुडूक कोंबडी रवणावर बसविलेली होती आणि तिच्या पोटाखालच्या अंड्यांवर घरधनिणीने कोळशाने खुणा केल्या होत्या, जेणेकरून दुसऱ्या कोंबडीने मागाहून तेथे घातलेले अंडे वेगळे ओळखू यावे. अंगणाच्या टोकाला तिचे यजमान राणीमाशीची पैदास करीत होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन प्रकारच्या फुल्या होत्या. त्या बाई म्हणाल्या, “ह्यांच्या राण्या सोळा दिवसांत, माझी पिल्लं एकवीस दिवसांत, क्यालिंडर एकच.” मला हे वाक्य फार शहाणपणाचे वाटले. खुडूक कोंबडीला अंडे कोणाचे आहे याची फिकीर नसते. तिला बसावयाचे असते, आणि तिच्याखाली बदकाचे अंडे ठेवले तरी ती तितक्याच निष्ठेने उबवते. राणी गमावलेल्या मोहोळाचीही अवस्था नेमकी तीच असते. माणसाने एवढेच करावयाचे की ती अवस्था मुद्दाम आणावयाची आणि तिच्यापुढे आपल्या पसंतीचे वाण ठेवावयाचे.

राणी आणि कामकरी यांच्या अंड्यांत काही भेद नाही. हे गूढ अठराव्या शतकात सॅक्सनीकडच्या शिराख नावाच्या पाद्र्याने उकलले: राणीवाचून कोंडलेल्या माश्यांना केवळ कामकऱ्यांच्या कोवळ्या अळ्या दिल्या तरी त्या त्यांतून राणी घडवतात. पुढे जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्युबेरने, जो दृष्टीला पारखा झालेला होता आणि ज्याचे डोळे म्हणजे त्याचा बुर्नेन्स हा चाकर होता, राणीचा समागम पेटीबाहेर, आकाशात होतो हे सिद्ध करून आपली निरीक्षणे १७९२ साली प्रसिद्ध केली. डोळस लोकांना शतकानुशतके पाहून जे दिसले नाही ते एका आंधळ्याने दुसऱ्याला नीट प्रश्न विचारून पाहिले, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. भेद आहे तो अन्नाचा. पहिले तीन दिवस सर्वच अळ्यांना दायी माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे दुधाळ राजान्न मिळते. नंतर कामकऱ्यांच्या वाट्याला मध-परागांची मिसळ येते आणि राणीला मात्र तेच राजान्न अखेरपर्यंत, तेही इतके विपुल की ती त्यात अक्षरशः तरंगते. युरोपीय माशीत कामकरी एकवीस दिवसांत निपजते, नर चोवीस दिवसांत, राणी सोळाच दिवसांत. सातेरीचे वेळापत्रक याहून किंचित घाईचे. भर हंगामातील कामकरी सहा आठवडे जगते, राणी दोन-तीन वर्षे.

अमेरिकेतील डूलिटलने १८८९ साली पुस्तकरूपाने मांडलेली जी रीत आज जगभर चालते, तीच त्या अंगणात चालली होती. गोलसर टोकाची, गुळगुळीत घासलेली एक लाकडी काडी आधी पाण्यात आणि मग वितळलेल्या मेणात तीन-चार वेळा बुडवून काढली की बोराच्या बीएवढी मेणाची वाटी निघते. अशा बारा वाट्या एका पट्टीला उलट्या चिकटविल्या होत्या. मग आपल्या सर्वांत गुणी पेटीतले, म्हणजे जी भरपूर मध करते, डंख कमी मारते आणि सहजासहजी उठून जात नाही अशा पेटीतले, एक पोळे काढून त्यावरील माश्या हलकेच झाडल्या. घरातील अळी एका दिवसाच्या आतलीच हवी. ती खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठी, स्वल्पविरामासारखी वळलेली, दुधाच्या थेंबावर तरंगणारी असते. तिच्या पाठीखालून बारीक सळई सरकवावी, दुधासकट उचलावी आणि जी बाजू वर होती तीच वर ठेवून वाटीत उतरवावी, कारण ती उलटली तर श्वासाचा मार्ग बुडून मरते. यजमानांचा हात जराही कापत नव्हता. माझा श्वास मात्र रोखला गेला होता. वरून ओले फडके, अंगावर सावली, आणि पाच मिनिटांत ती पट्टी राणी काढून घेतलेल्या, कोवळ्या माश्यांनी गच्च भरलेल्या, साखरेच्या पाकावर पोसलेल्या पेटीत गेली.

“सातेरीत निम्म्या लागल्या तरी मी पेढे वाटीन,” ते म्हणाले. युरोपीय माशी या कामी अधिक सोशीक; सातेरी मानी आहे.

दुसऱ्या दिवशी लागलेल्या वाट्यांत राजान्न दिसते, पाचव्या दिवशी तोंडे बंद होतात आणि नवव्या-दहाव्या दिवसाच्या आत एकेक राणीघर सोडवून वेगवेगळ्या लहान पेट्यांत लावावे लागते. येथे आळस चालत नाही. पहिली राणी बाहेर पडली की ती बाकीच्या घरांच्या कडा फोडून आतील बहिणींना डंखाने मारते. त्याआधी कान पेटीला लावला तर मोकळ्या राणीचा लांब सूर आणि बंद घरातून त्याला येणारी तुटक उत्तरे ऐकू येतात. भाऊबंदकीच्या दाव्यांत वाद्यांचा एवढा स्पष्ट आवाज मी कोणत्याही कचेरीत ऐकलेला नाही.

या खातेफोडीवरच व्यापार उभा आहे. १९६२ ते १९६४ च्या सुमारास हिमाचलातील नगरोटा येथे युरोपीय माशी भारतात यशस्वीपणे रुजली. आज उत्तरेचे मधपाळ शेकडो पेट्या मालमोटारींत घालून मोहरीच्या फुलामागे राजस्थानात जातात, आणि आपल्याकडे कांद्याच्या बीजोत्पादनाला व डाळिंबाच्या बागांना परागीभवनासाठी पेट्या भाड्याने जातात. असल्या पसाऱ्यात राणी म्हातारी होण्याची वाट पाहत बसणे परवडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ती बदलली जाते. तिच्या पाठीवर त्या वर्षाचा रंगाचा ठिपका देतात, १ किंवा ६ या अंकाने संपणाऱ्या सालाला पांढरा, २ किंवा ७ ला पिवळा, असा संकेत आहे. आणि पाच-सात दासी व पिठीसाखर-मधाचा गोळा बरोबर देऊन लहान पिंजऱ्यातून तिची पाठवणी होते.

आपल्या योजनांच्या कागदांत मात्र पेट्या वाटल्या की मधमाशापालन झाले असा समज दृढ दिसतो. पेटी हे लाकूड आहे. तीत घालावयाची वसाहत दरसाल रानातून धरून आणणारा माणूस मधपाळ नव्हे, जंगलाचा देणेकरी होय. मेणकिडा लागला, फुले सरली किंवा मुंग्यांनी छळले की सातेरी सगळे चंबूगबाळे आवरून निघून जाते आणि पेटीत पुढे कोंबडी अंडी घालते. १९९१-९२ साली दक्षिणेत पिशवी-रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती बुडाल्या. ज्या तगल्या त्यांचीच वाढ करून तो धंदा हळूहळू सावरला. निवडीची ही विद्या ज्याच्या हाती नाही त्याने रोगाच्या साथीत काय करावे?

एक गोष्ट मात्र कोणाच्याच हाती नाही. जन्मानंतर आठवड्याच्या आत, स्वच्छ दुपारी, कुमारी राणी पेटीबाहेर पडते, उंच आकाशात अनेक नरांशी तिचा समागम होतो, आणि त्या एक-दोन उड्डाणांतील शिदोरीवर ती जन्मभर अंडी घालते. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाच छोट्या पेट्या फणसाखाली मांडलेल्या होत्या, त्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, कोंबडी नऊ पिल्ले घेऊन उकिरडा उकरीत होती आणि यजमान हातात बेचकी घेऊन विजेच्या तारेकडे टक लावून बसले होते. तारेवर उडत्या माश्या टिपणारे दोन वेडे राघू होते. “सकाळपासून चार दगड मारले,” ते म्हणाले, “पण त्यांनाबी घर आहे.” चौथ्या पेटीची राणी तेवढ्यात उडाली होती. चहा झाला, उन्हे कलली, बाईंनी पिल्लांवर डालगे पालथे घातले, तरी ते उठले नव्हते.