गाव कुणी वसवलं? मूळ घराण्याचा माग

देशावरच्या बहुतेक गावांत एखादं घराणं सांगतं, की हे गाव आमच्या मूळपुरुषानं वसवलं. होळीची पहिली पोळी त्यांची, बैलपोळ्याला वेशीतून पहिली जोडी त्यांची. मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, त्यामुळे दावा उडवून लावता येत नाही. तरी शोध घेणाऱ्यानं सुरुवात शंकेनंच करावी.

पहिला आलेला की पुन्हा आलेला?

दख्खनची गावं अनेकदा उठली आणि अनेकदा वसली. 1630 ते 1632च्या दुष्काळात तर मोठा मुलूख उजाड झाला. अशा ओसाड गावात कुळं आणण्यासाठी राज्यकर्ते कौल देत. त्यात इस्तावा असे, म्हणजे पहिल्या वर्षी नावापुरता सारा, मग दरसाल थोडा चढता आणि काही वर्षांनी पूर्ण. पाटील-देशमुख अशा कौलाच्या जोरावर माणसं जमवत आणि पडीक जमीन लावणीला आणत. घरातल्या कहाणीतला मूळपुरुष बऱ्याच वेळा असा माणसं जमवणारा असतो. गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, त्याच्याही आधीची, पण नाव राहिलं ते उठलेलं गाव पुन्हा बसवणाऱ्याचं. मला यात काही कमीपणा वाटत नाही, उलट दुसऱ्यांदा वसवणं जास्त कठीण.

पाटीलकीवरून मूळ घराणं ठरवणंही धोक्याचं. पाटीलकी हे वतन होतं. ते विकलं जाई, निम्मं वाटून दिलं जाई. आजचे पाटील दोनशे वर्षांपूर्वी शेजारच्या गावाहून आलेले असू शकतात.

थळझाडा आणि गतकूळ

जुन्या गावांची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळाला बहुधा मूळ कुळाचं नाव असे. अशा थळांची यादी म्हणजे थळझाडा. घराणं संपलं किंवा परागंदा झालं, की ती जमीन गतकूळ म्हणून लिहिली जाई. थळाचं नाव मात्र तसंच राही. त्यामुळे ज्यांचा आज गावात एकही वंशज नाही, अशी घराणीही या यादीत भेटतात. जुन्या वस्तीचा याहून प्रामाणिक कागद क्वचित सापडतो, कारण यात कुणाला मोठेपणा सांगायचा नसतो.

भांडणानं जपलेले कागद

सुखानं नांदलेल्या घराण्याचे कागद कमी आणि भांडलेल्याचे भरपूर. वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला, की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद होई. त्यात वादी-प्रतिवादी आपापली वंशावळ सांगत. खाली साक्षीदारांच्या निशाण्या: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा. एका पानावर सगळा गावगाडा दिसतो. मात्र वंशावळ दाव्यासाठी सांगितलेली असते हे विसरू नये. शक्यतो दोन्ही बाजूंच्या जबान्या ताडून पाहाव्यात.

असे कोट्यवधी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या पेशवे दप्तरात आहेत. बहुतेक मोडी लिपीत. तारखाही सरळ नसतात. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन 1175. त्यात 599 मिळवले की 1774 येतं. वर्ष मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, बदलत असल्यानं पुढल्या जानेवारी ते मे महिन्यांतल्या तारखांना 600 मिळवायचे.

सातबाऱ्यावरून मागे

पेशवे दप्तराच्या पायऱ्या चढण्याआधी तलाठ्याकडचे आणि तहसिलीतले कागद बघावेत. फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, वारसांची नावं येतात आणि घरच्या वंशावळीत गाळलेल्या मुलीही कधीकधी तिथं सापडतात. मधेच धागा तुटला, तर जमीन एकत्रीकरण योजना आठवावी. 1947च्या कायद्यानंतर ती जिथं राबवली गेली, तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ लावल्याशिवाय मागं सरकता येत नाही. त्याआधीची पिढी हक्कनोंदीत आणि जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत. 2023पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच दप्तरं गावोगाव उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला.

हेळवी आणि तीर्थोपाध्ये

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी समाजाचे लोक घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. सुगीनंतर बैल घेऊन यायचे, जुनी नावं वाचून दाखवायचे, नवी जन्मलेली लिहून घ्यायचे आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे. वहीत आणखी एक मोलाची गोष्ट असते, ती म्हणजे घराणं कुठून कुठं सरकलं याचा मार्ग.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही अशाच. पूर्वजानं स्वतः केलेली सही तिथं मिळू शकते. फक्त जाताना नुसतं आजचं आडनाव नेऊ नये. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही हुद्द्यांवरून पडलेली, 'कर' लागलेली गावांवरून पडलेली. वतनाआधीचं आडनाव, कुळ, जुनं गाव आणि निदान पणजोबांचं नाव हाताशी असलं, तर उपाध्ये नेमकी वही काढतात.