संगणक-जालांच्या प्रमाणलेखांतील विध्यर्थ

परिभाषेचा वाद म्हटला की तो नामांविषयी असणार, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. संगणक-जालांच्या प्रमाणलेखांत मात्र एक चिवट वाद 'मस्ट', 'शल', 'शुड' आणि 'मे' या इंग्रजी सहायक क्रियापदांभोवती झाला. वरवर पाहता ही पारिभाषिक पदे नव्हेत; परंतु निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे परस्परांशी संपर्क साधू शकतील की नाही, हे पुष्कळदा त्यांच्या अर्थावर अवलंबून असते.

इंटरनेटचे प्रमाणलेख 'आरएफसी' या मालेत प्रसिद्ध होतात. संदेश पाठविताना यंत्राने काटेकोर असावे व स्वीकारताना उदार, हे जॉन पोस्टेल यांनी संपादिलेल्या लेखांतील सुप्रसिद्ध तत्त्व होय. १९८० च्या आरएफसी ७६० मध्ये ते 'शुड' योजून सांगितले आहे; १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये त्याच जागी 'मस्ट' आले. सल्ल्याचे बंधन झाले, की केवळ शब्द बदलला? लेखावरून याचा निर्णय होत नाही. कारण या पदांची व्याख्या त्यांत दिलेली नाही.

१९८९ च्या आरएफसी ११२२ ने ही पदे मोठ्या अक्षरांत छापून त्यांचे अर्थ निश्चित केले. पुढे १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांच्या आरएफसी २११९ ने सर्वांसाठी एकच व्याख्या पुरविली. तीनुसार 'मस्ट' म्हणजे निरपवाद बंधन. 'शुड' म्हणजे सबळ कारण असल्यास, परिणामांचा पूर्ण विचार करूनच, बाजूला ठेवता येईल असा नियम. 'मे' म्हणजे मुभा.

तरीही मतभेद उरले. आरएफसी २११९ ने 'शल' व 'मस्ट' समानार्थी मानले; उलट आयएसओ व आयईईई या संस्थांच्या लेखननियमांनुसार बंधन 'शल'ने सांगावयाचे, 'मस्ट'ने नव्हे. दुसरे असे की, ही पदे 'बहुधा' मोठ्या अक्षरांत लिहिली जातात, एवढेच आरएफसी २११९ म्हणतो. मग लहान अक्षरांतील 'मस्ट' बंधनकारक समजावे काय? २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने याचा निकाल दिला: पद संपूर्ण मोठ्या अक्षरांत असेल तरच व्याख्येतील अर्थ घ्यावा, एरव्ही नेहमीचा.

भाषाशास्त्रदृष्ट्या हा निकाल लक्षणीय आहे. येथे अर्थभेद उच्चारावर नव्हे, तर अक्षराच्या आकारावर उभा आहे. लेख मोठ्याने वाचताच तो लोपतो. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. शिवाय मराठीतील 'करावे' हे विध्यर्थी रूप कर्तव्य, इच्छा, शक्यता असे अनेक अर्थ वाहते. म्हणून मराठीत असे लेख रचताना 'केलेच पाहिजे', 'करणे इष्ट' व 'करण्यास मुभा आहे' अशा पृथक् रचना योजून त्यांची व्याख्या आरंभीच द्यावी लागेल. संभाषणात 'करावे'ची संदिग्धता सौजन्याला उपकारक ठरते. प्रमाणलेखात तीच दोष होते.