पाणी बदललं, गाव बदललं

सह्याद्रीच्या रानातला हिरडा आपण खोकल्याच्या औषधापुरताच ओळखतो. कच्छच्या खत्री बांधवांची अजरख छपाई मात्र हिरड्यावाचून चालत नाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळं करायचं, मग ठसे मारायचे. गूळ घालून आंबवलेल्या भंगार लोखंडाचं पाणी लागलं की काळा रंग उठतो. तुरटी लागली तिथे मंजिष्ठेत लाल. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो ना, तीच ही किमया.

याच किमयेनं त्यांना गाव सोडायला लावलं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं, हवा तो रंग येईना. इस्माईल मोहम्मद खत्री आणि इतर कुटुंबांनी भुजजवळ जमीन घेऊन अजरखपूर वसवलं. सगळीकडे रासायनिक रंग चालू असताना त्यांचे वडील मोहम्मद सिद्दीक यांनी नैसर्गिक रंग पुन्हा धरले होते, म्हणून नव्या गावात नेण्यासारखा हुन्नर हाती होता. २००३ साली इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठानं इस्माईलभाईंना मानद डॉक्टरेट दिली.

२००५च्या जुलैत दासगाववर दरड आली. तेव्हा घरांची चर्चा पुष्कळ झाली, रोजगाराची कमी, असं मला वाटतं. बचतगटातून असं काम सुरू करावंसं वाटणाऱ्या भगिनींनो, आधी विहिरीचं पाणी पाहा. काचेच्या पेल्यात चिमूटभर हिरडापूड टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी काळसर दिसलं, तर लाल रंगासाठी दुसरी विहीर शोधा.