स्वस्तातली एअर रायफल: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा असेल त्यांच्यासाठी लेखी मजकूर. माझे ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे काय झालं’ बरेच छाटलेत, सगळे नाही.)

आजच्या भागात कोड नाही, सर्व्हर नाही, पगारवाढ नाही. आज एअर रायफलचे पार्ट. हसू नका. गेल्या वर्षभरात मला ऑफिसच्या कामापेक्षा जास्त शिकवलं असेल तर या विषयानं.

झालं असं. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत नोकरी. ते वसमतजवळच्या आमच्या मामाच्या घरी टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं आणि माझी मामेबहीण, तेव्हा आठवीत, म्हणाली, मला हे करायचंय. शाळेत एका शिबिरात तिनं एकदा एअर रायफल हातात घेतली होती, तेव्हापासून डोक्यात होतंच. मामानं वर्षभर टाळलं असतं, पण पोरगी चिवट. एप्रिलमध्ये हळद विकून झाली आणि मामाचा फोन आला, “बापू, तू इंजिनिअर आहेस. एक रायफल पाहिलीय, जुनी आहे, जर्मन आहे, दीड लाखाला देतोय. पाहून सांग.”

आता मी बीटेक असलो तरी जावा लिहितो. माझ्या हाताला स्क्रूड्रायव्हर लागला की स्क्रूची खाच जाते. पण मामाला हे कोण सांगणार? आणि मामानं वीस हजार टोकन आधीच देऊन टाकलं होतं. साधारण दीड क्विंटल हळदीचे पैसे. म्हणजे ‘पाहून सांग’ हा प्रश्न नव्हताच, ‘बरोबर केलं ना’ असं विचारणं होतं.

आधी कायद्याचं दोन वाक्यांत. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतची आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण अर्धा ग्रॅमचं पेलेट सेकंदाला 170 मीटरच्या आसपास फेकते, म्हणजे साडेसात ज्यूल. त्यामुळे कुणी ‘जास्त जोराची स्प्रिंग टाकून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. दहा मीटरवर जोराचा काही उपयोग नाही, उलट झटका वाढतो, नेम बिघडतो, आणि वीसची रेघ ओलांडली तर भलतंच लफडं.

मग उपयोग कशाचा? इथं टार्गेट समजून घ्यावं लागतं, ते समजलं की निम्मे प्रश्न सुटतात. दहा मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट साडेचारचं. पेलेटची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. गणित केलं तर पेलेटचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं पाहिजे. पुढची प्रत्येक रिंग आणखी अडीच मिलिमीटर. म्हणजे रायफल वाळूच्या पोत्यावर घट्ट ठेवून मारली, माणसाचा हात मध्ये नाही, आणि तरी छिद्रं दहा-अकरा मिलिमीटरवर पसरत असतील, तर पोरीनं कितीही छान श्वास धरला तरी काही दहा रायफलच खाऊन टाकणार. आणि खेळात दहाच्या आत पुन्हा दशांश मोजतात, ते वेगळंच.

म्हणून मी मामाला एकच कसोटी सांगितली: हा पार्ट पसारा किती मिलिमीटर कमी करतो? कमी करत नसेल तर तो दागिना आहे. मामा लगेच म्हणाले, “म्हंजे कांडी मोडून पाहायची, पॉलिश नाही.” हळद मोंढ्यात नेणाऱ्या माणसाला हे समजवावं लागत नाही. वरून पॉलिश मारलेली कांडी सगळ्यांचीच पिवळी दिसते. व्यापारी कांडी मोडतो, आवाज ऐकतो, आतला रंग बघतो आणि मग बोली लावतो.

तर पेलेट. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त फरक. लोक हजारोंचं बटप्लेट बसवतात आणि आत बाजारातला सुटा छर्रा घालतात. मी तीन डबे आणले: एक अगदी स्वस्त, एक मधल्या किमतीचा मॅच पेलेटचा, एक महागडा. आधी वसमतमधल्या एका सराफाच्या काट्यावर प्रत्येकातले वीस-वीस तोलले. सराफानं आधी संशयानं पाहिलं, मग स्वतःच तोलायला बसला. स्वस्त डब्यात 0.49 ते 0.54 ग्रॅम असा तमाशा. दोन्ही मॅच डब्यांत 0.52 नाहीतर 0.53, बस. मग प्रत्येकाचे पाच-पाच शॉटचे पाच गट मारले. स्वस्ताचा पसारा सरासरी अकरा मिलिमीटर. मधल्याचा सहा. महागाचा साडेपाचच्या आसपास. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी जवळजवळ दुप्पट पैसे, म्हणून आम्ही मधल्यावर थांबलो. राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यानं थांबू नये, त्याला तो अर्धा मिलिमीटर विकत घ्यावाच लागतो. आठवी-नववीतल्या पोरीचा हात अजून पंधरा मिलिमीटर हलतो.

पाच गट का, एक का नाही? आमच्या धंद्यात एक प्रकार असतो, टेस्ट कधी पास होते कधी फेल, कोड तोच. एकदा पास झाली म्हणून कुणी प्रॉडक्शनला पाठवत नाही. पाच शॉटचा एक सुंदर गट तसाच असतो. विकणारा तुम्हाला तो कागद खिशातून काढून दाखवेल. तो खरा असतो, पण त्याच्या आधीचे नऊ कागद कचऱ्यात असतात.

डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असं लिहिलेलं असतं, ते पेलेटच्या डोक्याचं माप. कुठलं चांगलं हे कुणीही फोनवर सांगू शकत नाही, प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. दोन-तीन मापं आणून मारून बघायची, आणि जे जमलं त्याच लॉटचे डबे एकदम घ्यायचे.

साइट. शाळेच्या स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात, तेव्हा आधी पोरगं कुठल्या गटात उतरणार ते ठरवा, नाहीतर नको ती साइट घेऊन बसाल. पीप साइट स्वस्तातली घेत असाल तर चौकोन मारून बघा. एक शॉट मारा. मग नेम तोच ठेवून साइट वीस क्लिक उजवीकडे, शॉट. वीस वर, शॉट. वीस डावीकडे, शॉट. वीस खाली, आणि शेवटचा शॉट. पहिल्याच छिद्राशेजारी परत यायला हवं. स्वस्त साइटच्या स्क्रूमध्ये ढिलाई असते. क्लिकचा आवाज येतो, आतलं काही हलत नाही, आणि पुढच्या क्लिकला एकदम दोनाचं हलतं. पोरीला वाटतं आपलं चुकतंय. हा मला सगळ्यात वाईट दोष वाटतो, कारण तो दिसत नाही आणि खेळाडू स्वतःला दोष देत बसतो. आम्ही पाहिलेल्या पहिल्या साइटचा चौकोन जुळलाच नाही, परत केली.

जॅकेट, ग्लोव्ह, स्लिंग जुनं चालतं. पोरगी वाढतीय, नवं जॅकेट दोन वर्षांत आखूड होणार. फक्त नियमात जाडीला 2.5 मिलिमीटरची मर्यादा आहे, आतून काही शिवून जाड केलेलं नाही ना ते बघा. बटप्लेट आणि गालाचा आधार पुढे-मागे, वर-खाली होतो का एवढंच महत्त्वाचं, रंग निळा की लाल याचे पैसे देऊ नका. ट्रिगर ओढताना खरखर नको.

आता मूळ गोष्ट, ती जर्मन रायफल. विकणाऱ्यानं चौदा फोटो पाठवले होते. बॅरल, ट्रिगर, साइट, पेटी, पेटीची चावीसुद्धा. मी मामाला म्हटलं, सिलिंडरवर काय लिहिलंय त्याचा फोटो मागवा. दोन दिवस आला नाही. मामा स्वतः गेले, मला व्हिडिओ कॉल लावला, सिलिंडर फिरवला. खालच्या बाजूला कोरलेलं साल: 2011.

हे समजून घ्या. हल्लीच्या मॅच रायफलमध्ये बॅरलखाली जी नळी असते तिच्यात 200 बारची हवा भरतात. गाडीच्या टायरमध्ये दोनच्या आसपास असते. शंभर पट. आणि ती नळी खेळाडूच्या डाव्या हाताजवळ, तोंडापासून दोन फुटांवर. कंपन्या अशा सिलिंडरला साधारण दहा वर्षांचं आयुष्य देतात, कारण प्रत्येक भरण्या-रिकामं होण्याबरोबर धातू किंचित ताणला जातो आणि किंचित आखडतो. मुदतीतला सिलिंडर वापरणं ही आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे.

विकणारा कॉलवरच होता. म्हणाला, “सर, कालच भरलाय, काटा बघा, 200. थेंबभर गळत नाही.” खरं होतं. पण न गळणं ही ओ-रिंगची गोष्ट, आणि ओ-रिंग किरकोळ पैशांत बदलता येते. अॅल्युमिनियम थकलंय का हे काटा सांगत नाही. हातपंपानं भरलेला असेल तर आत ओल गेलेली असू शकते, ते तर बाहेरून कळतच नाही. मी म्हटलं, नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करा, आणि या मॉडेलला बसणारा सिलिंडर अजून मिळतो हे आधी दाखवा. तो म्हणाला, जसं आहे तसं घ्या, नाहीतर राहू द्या.

मामा गप्प. मग हळू आवाजात मला, “वीस हजार जातील बापू.” मी काही बोललो नाही. मला खरंच सुचलं नाही. पाठीमागून मामी म्हणाली, “जाऊ द्या. पोरीच्या तोंडाजवळ फुटलं तर काय करायचं?” तिथं विषय संपला. नंतर बऱ्याच फोनाफोनीनंतर दहा हजार परत आले, दहा गेले.

शेवटी आम्ही भारतात बनलेली, साधी, क्लब दर्जाची नवी रायफल घेतली. सिलिंडरवर तारीख ताजी. लाकूड दिसायला अगदीच सामान्य, ट्रिगर ठीक, सोबत आलेली साइट वर सांगितली तशी परत करून दुसरी घेतली. उरलेल्या पैशांत पेलेटचे डबे. आता मला विचाराल तर बजेटचा मोठा वाटा पेलेटलाच ठेवा. रायफल एकदा घ्यायची असते, पेलेट रोज संपतं. एका सामन्याचे साठ शॉट, रोजचा सराव तेवढाच धरला तरी पाचशेचा डबा आठ-नऊ दिवसांत रिकामा.

ज्यांना पीसीपी परवडत नाही त्यांनी स्प्रिंगवाल्या रायफलनं ओपन साइटमध्ये सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. तिथं बघायचं ते पिस्टनचं सील. जुन्या रायफलीत चामड्याचं वॉशर असतं, ते सुकलं की जोर प्रत्येक शॉटला वेगळा. थेंबभर तेल पुरतं. जास्त ओतलं तर दाबानं आत तेलच पेटतं, मोठा आवाज, धूर, आणि पेलेट कुठेही. ‘बघा किती पॉवर आहे’ म्हणून कुणी असा धूर काढून दाखवला तर ती रायफल घेऊ नका.

एक राहिलं. मामांनी सरावासाठी हळदीची शेड ठरवली होती, बरोबर बारा मीटर लांब. मी नाही म्हटलं. पेलेट शिशाचं असतं, मागच्या पत्र्यावर आपटून त्याची बारीक भुकटी पडते. शेडमध्ये पुढच्या हंगामात खायची हळद येणार. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळणारे महाभाग देशात सापडलेत, आपण फुकटात शिसं कशाला घालायचं? 2024 मध्ये वसमतच्या हळदीला जीआय मिळालंय, मामांना त्याचा भारी अभिमान. त्यांनी लगेच रिकामा गोठा साफ करून दिला. पेलेट पकडायला मागं लोखंडी पेटी, तिच्या मागं भिंत, आणि सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय पोरीला मामी चहा देत नाही.

मागच्या रविवारी तिनं उभं राहून, वाळूचं पोतं नाही, काही नाही, दहा शॉट मारले. कागदाचा फोटो पाठवला. दोन दहा, पाच नऊ, दोन आठ आणि एक कुठेतरी चारमध्ये. “दादा, तो चारवाला साइटचा प्रॉब्लेम आहे का?” मी म्हटलं, चौकोन मारून बघ. तासाभरानं दुसरा फोटो आला, पाचवं छिद्र पहिल्याला चिकटलेलं. खाली लिहिलं होतं: ‘नाही. शेळी ओरडली होती.’

तुमच्याकडे जुना सिलिंडर असेल तर आधी त्यावरचं साल वाचा, मग मला मेसेज करा. पुढचा भाग पंधरा दिवसांनी.